वसईची घंटा आणि आमचा बत्ता

आमच्या घरात एक बत्ता होता, पण त्याला खल नव्हता. हे सुरुवातीलाच सांगून ठेवतो, कारण माझ्या लहानपणी ही गोष्ट घरात कोणालाच विचित्र वाटली नाही, आणि पुढचा सगळा घोटाळा त्यामुळेच झाला. बत्ता लोखंडाचा, माझ्या तेव्हाच्या हाताएवढा लांब, एका टोकाला बेलफळासारखा गोल आणि असा जड की उचलताना माझे डोळे बाहेर येत. नौपाड्यातल्या आमच्या घराचे मागचे दार खाडीवरच्या वाऱ्याने सारखे आपटायचे, म्हणून हा बत्ता त्या दाराशी टेकवून ठेवलेला असे. वर्षातून एकदा, रामनवमीच्या आधी, आई तो घासून धुऊन घेई, त्याने पाट्यावर सुंठ फोडी आणि पुन्हा त्याची नेमणूक दारावर करी. आताचा नौपाडा ज्यांनी पाहिला आहे त्यांना पटणार नाही, पण तेव्हा आमच्या परसापलीकडे सरळ भातखाचरे लागत. दुपारी वाऱ्याबरोबर मिठागरांचा खारट वास घरात येई, आणि आई म्हणे, आज आमटीत मीठ जरा कमीच घालते.

रामनवमी आमच्या घरचा सर्वांत मोठा सण. दिवाळी काय, सगळ्यांचीच असते. रामनवमी आमची. आळीच्या टोकाला रामाचे एक लहानसे देऊळ होते, त्याच्या सभामंडपात एक काशाची घंटा टांगलेली होती, आणि भर दुपारी रामजन्म झाला की ती घंटा पहिल्यांदा वाजवण्याचा मान आमच्या घराण्याचा होता. प्रसादाचा सुंठवडाही आमच्याच घरून जाई. घंटेला कडेला एक लांब चीर होती, त्यामुळे ती घणघणत नसे. 'थड्ड' असा एकच आवाज करून गप्प बसे. दुसऱ्या आळीतली पोरे त्यावरून आम्हाला चिडवत. पण त्या चिरेमागे काय आहे हे त्यांना कुठे ठाऊक होते!

ते आम्हाला ठाऊक होते, कारण तात्या दरवर्षी सांगत. तात्या म्हणजे माझे वडील, कचेरीत कारकून. साहेब खोलीत नसला तरी त्याच्या खुर्चीला वळसा घालून जाणारे, घरी येताना वाटेत कोणी ओळखीचे भेटले तर आपणच आधी हात जोडणारे. पण रामनवमीला हेच तात्या पगडी घालून, छाती काढून सभामंडपात उभे राहत आणि गोष्ट सुरू करीत. पेशव्यांच्या फौजेने फिरंग्यांची वसई घेतली, त्या फौजेत आमचे खापरपणजोबा होते. बुरूज उडाला, पहिल्या शिडीवर खापरपणजोबा, तोंडात तलवार, आणि शेजारच्या देवळावर ही घंटा. तेवढ्यात तोफेचा गोळा सुटला तो घंटेला चाटून गेला. ती ही चीर! तशी ती तापलेली घंटा पाठीवर घेऊन खापरपणजोबा ठाण्यापर्यंत चालत आले. मी लहान असताना ते घोडबंदरावरून चालत येत, नंतर एका वर्षी खाडी पोहून आले. भिकाजीपंत म्हणून आमचे एक शेजारी होते, ते दरवर्षी मागून हळूच म्हणत, "घंटा पाठीवर घेऊन पोहले? वा!" त्यांचा त्या मानावर फार दिवस डोळा होता.

याच सुमारास शाळेत खांबेटे मास्तर आले. टिटवाळ्याकडचे, काटकुळे, आणि डोळ्यांत कायम काहीतरी खोडी केल्याचा भाव. आम्ही हायस्कुलात इतिहास शिकत होतो म्हणजे विलायतेच्या राजांची आणि इकडच्या गव्हर्नर जनरलांची माळ ओढत होतो. कोणामागून कोण आले एवढे आले की झाले. मास्तरांनी पहिल्याच दिवशी पुस्तक मिटले आणि विचारले, "तुम्ही रोज ज्या तळ्यावरून येता ते कोणी खोदलं?" आम्ही एकमेकांकडे पाहू लागलो. "बरं, किल्ल्याचा आता तुरुंग झालाय. आधी तिथं कोण राहायचं?" एकाने उठून सांगितले, "चोरच असतील, सर." मास्तर इतके हसले की त्यांना खुर्चीवर बसावे लागले.

मग त्यांनी फर्मान काढले. प्रत्येकाने आपल्या घरातली नाहीतर आळीतली एक जुनी वस्तू शोधायची आणि तिच्यावर निबंध लिहायचा. निबंधात तीन प्रश्नांची उत्तरे हवीत. ही हकिगत कोण सांगतो? त्याला कोणी सांगितली? आणि वस्तू स्वतः काय सांगते? पुढचे आठ दिवस वर्गाचा जुना बाजार झाला. कोणी गंजलेली कट्यार आणली, कोणी फुटका रांजण. एकाने तर, घरात त्यांच्याहून जुने काही नाही म्हणून, आपले चुलत आजोबाच आणून बाकावर बसवले. ते ठार बहिरे होते. त्यांना वाटले आपल्याला सत्काराला बोलावले आहे, म्हणून ते तास संपेपर्यंत हात जोडून बसले होते. हेडमास्तर खिडकीतून डोकावून म्हणाले, "खांबेटे, परीक्षेत रांजणावर प्रश्न येत नाहीत." मास्तर नम्रपणे म्हणाले, "रांजणावर नाही, पण विचार करण्यावर येतील कधीतरी, साहेब."

माझी वस्तू ठरलेलीच होती. तात्यांना सांगितले तेव्हा त्यांचा आनंद मावेना. इंग्रजी शाळेत आमचे खापरपणजोबा! त्यांनी मला न विचारताच देवळात जाहीर करून टाकले की यंदा रामनवमीच्या आदल्या दिवशी संध्याकाळी, कीर्तनाच्या आधी, चिरंजीव घंटेचा इतिहास सर्वांसमक्ष वाचून दाखवतील. मास्तरांना आमंत्रण गेले. भिकाजीपंतांना तर तात्या दोनदा जाऊन सांगून आले.

घंटेवर काठाजवळ काही अक्षरे कोरलेली होती. ती फिरंगी असणार हे उघड होते, म्हणून मी पास्कूला बरोबर घेतले. पास्कू म्हणजे पास्कोल, खाडीकाठच्या किरिस्तांव गावातला, मिठागरांवर बापाबरोबर काम करून मग शाळेत येणारा. त्याच्या खिशात नेहमी मिठाचा खडा असे आणि साऱ्या वर्गाच्या कैऱ्या त्या एका खड्यावर अवलंबून असत. दुपारी पुजारी झोपलेले पाहून आम्ही स्टुलावर चढलो, घंटेवर कागद धरला आणि वरून कोळसा घासला. काळ्यात पांढरी अक्षरे उमटली. पास्कूने कागद उलटासुलटा करून पाहिला. "यात आमच्या देवळाच्या संताचं नाव हाय रे," तो म्हणाला. "काकाला दाखवू या."

त्याचा अंतोन काका त्यांच्या देवळात गाणी म्हणायचा. म्हातारा, दात थोडे, पण आवाज असा की बोलला तरी गायल्यासारखे वाटे. आम्ही गेलो तेव्हा अंगणात चूल पेटली होती आणि त्याची बायको कढईत गोल गोल फुगे तळत होती. एक माझ्या हातावर आला. त्यात अंडे असते आणि ते ताडीने फुगवतात हे मला नंतर कळले. कळण्याआधी मी चार खाल्ले होते. कळल्यावर पाचवा खाल्ला. ही गोष्ट मी आज पहिल्यांदाच कबूल करतो आहे. आईला कळले असते तर तिने मला अंगणातच आंघोळ घातली असती.

अंतोन काकाने कागद उन्हात धरला, बोट फिरवत वाचला आणि म्हणाला, "आरं, ही तर आमची घांट!" अक्षरांत त्यांच्या संताचे नाव होते आणि घंटा ओतल्याचे साल होते. मी ते साल पाहिले. मग बोटांवर मोजले. मग पुन्हा मोजले. वसई पडली तेव्हा ही घंटा जन्माला यायची होती. जी घंटा नव्हतीच, तिला तोफेचा गोळा चाटून जाणे जरा कठीण होते.

"पण मग ती आमच्याकडे आली कशी?" मी विचारले.

"आमीच दिली," अंतोन काका म्हणाला. "माजा आजा सांगायचा. तो तवा पोर व्हता. गावात तापाची साथ आली. घराघरांत माणसं पडली. ठाण्याचा एक वैद आला नि गावातच ऱ्हायला. सगळे बरे होईपर्यंत घरी गेला नाय. नंतर त्याला द्यायला गावात काय व्हतं? मीठ! तेवढ्यात देवळातली घांट आतून मोडली, तिची जीभच गळून पडली. पादरीबाबा म्हनले, मुकी घांट काय कामाची? वैद म्हनला, मला द्या, औषध कुटायला बरी."

"कुटायला?"

"उलटी ठेवली की खलच नाय का रं?"

 मी आधी मास्तरांकडे गेलो. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि म्हणाले, "हे झालं कोण सांगतो ते. वस्तू काय सांगते?" पास्कूला घेऊन आम्ही तिघे देवळात गेलो. मास्तर स्वतः स्टुलावर चढले आणि घंटेच्या आत डोके घालून बराच वेळ तसेच राहिले. मग मला चढवले. आत माथ्याशी, जिथे लोलक अडकवलेला होता तिथे, लोलकाची कडी वेगळ्याच, नव्या लोखंडाची होती. तिच्याभोवती कासे वाटीसारखे गुळगुळीत झिजले होते. चीर बाहेरून आत गेली नव्हती. ती त्या वाटीपासून निघून खाली काठाकडे आली होती. "हे एका दिवसाच्या लढाईत होत नाही," मास्तर म्हणाले. "रोज कुटून कुटून होतं. चिरल्यावर खल निकामी झाला, मग नवी कडी घालून ती देवळाला दिली असणार." मग खाली माझ्याकडे पाहत, अगदी सहज, त्यांनी विचारले, "तुझं आडनाव काय रे?"

 मास्तर रोज सकाळी हजेरीला ते नाव मोठ्याने वाचत होते. आमच्या दारावर ते लिहिलेले होते. "वैद्य," मी म्हणालो. पास्कू तिथेच खाली बसून हसू लागला. आज मला त्यात हसण्यासारखे पुष्कळ दिसते, पण त्या क्षणी मला त्याला बत्ता फेकून मारावासा वाटला.

आता प्रश्न तात्यांचा होता. मास्तर म्हणाले, "काय लिहायचं ते तू ठरव. सही तुझी असेल." हे बोलणे सोपे होते. त्यांना तात्यांच्या घरी राहायचे नव्हते. मी आईला सांगितले. ती भाजी चिरत होती, तिची विळी थांबली. "माझं ऐकशील तर आधी ह्यांना सांग," ती म्हणाली. "ऐकायचंच आहे तर घरात ऐकू देत. चारचौघांत नको. अरे, वर्षातून एक दिवस तर ते ताठ उभे राहतात." मी तीनदा प्रयत्न केला. पहिल्यांदा मी "तात्या, ती चीर..." म्हणालो, तर ते म्हणाले, "चिरेवर चांगलं लिही हो, तोफेचं नाव घाल!" दुसऱ्यांदा ते पगडीला नवा जरीकाठ लावत होते आणि गुणगुणत होते. मी त्यांना गुणगुणताना कधी ऐकले नव्हते. तिसऱ्यांदा मी नुसताच त्यांच्यापुढे उभा राहिलो आणि त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. मी पळालो. शेवटी मी दोन निबंध लिहिले. एकात तोफ होती, दुसऱ्यात सुंठ. तोफेचा डाव्या खिशात ठेवला, सुंठेचा उजव्या.

त्या संध्याकाळी सभामंडप भरला होता. तात्या पहिल्या रांगेत, भिकाजीपंत त्यांच्या बरोबर मागे. मी उभा राहिलो, डावा हात आपोआप खिशात गेला आणि मी तोफेचा निबंध वाचू लागलो. फौज निघाली, वसईला वेढा पडला. तात्या प्रत्येक वाक्याला मान डोलवत होते, त्यांचे ओठ माझ्याबरोबर हलत होते. शिडीपर्यंत आलो आणि माझी नजर देवळाच्या आवाराबाहेर गेली. तिथे चिंचेखाली पास्कू उभा होता आणि त्याच्याजवळ अंतोन काका. अंगात धुतलेला पांढरा सदरा, हातात काठी. आपल्या गावाच्या घंटेची गोष्ट वाचली जाणार एवढे ऐकून तो म्हातारा उन्हातान्हाचा चालत आला होता. मला फार लाज वाटली. तात्यांची भीती होती ती तशीच होती, पण लाज तिच्याहून मोठी झाली. मी वाचायचा थांबलो, तो कागद घडी करून डाव्या खिशात ठेवला आणि उजव्यातला काढला.

दुसरा निबंध मी एकदाही मान वर न करता वाचला. साल सांगितले, ताप सांगितला, कडी आणि झिजलेली वाटी सांगितली. वाचून संपले आणि मी कागद घडी केला. मग मागून भिकाजीपंत म्हणाले, "म्हणजे वसईला कोणी गेलंच नव्हतं म्हणायचं! मग या मानाचं काय ते एकदा बघायला हवं."

तात्या माझ्याकडे पाहत होते. रागाने नव्हे. एखाद्या लहान मुलाच्या हातातले काही काढून घ्यावे तसा त्यांचा चेहरा झाला होता. तो मी पुढे कधीच विसरलो नाही. ते अगदी हळू म्हणाले, "शिडीवर नव्हतेच ते?"

"नाही, तात्या."

तात्या उठले. पगडी काढून माझ्या हातात दिली. स्टूल ओढून त्यावर चढले आणि घंटेच्या आत हात घातला. हात बराच वेळ आत फिरत राहिला, आणि मग एकाएकी थांबला. "घरी जा," ते म्हणाले. "मागच्या दाराशी जे टेकवलंय ते घेऊन ये."

मला काही कळले नाही. धावत गेलो, बत्ता खांद्यावर टाकला आणि धापा टाकत आलो. मागे आमचे दार धाडकन आपटलेले मला वाटेत ऐकू आले. तात्यांनी एकाला लोलक कडीसकट सोडवायला सांगितले, बत्ता दोन्ही हातांनी धरला आणि त्याचे गोल टोक खालून घंटेत वर सरकवले. ते त्या झिजलेल्या वाटीत असे जाऊन बसले की जागचे हलेना. मास्तरांच्याही हे लक्षात आले नव्हते, माझ्याही नाही. मास्तरांच्या तीन प्रश्नांतल्या तिसऱ्याचे पुरते उत्तर तात्यांनी दिले होते.

"माझी आई सांगायची, हा बत्ता टाकू नका," तात्या स्टुलावरूनच म्हणाले. "का ते तिलाही माहीत नव्हतं."

बाहेरून, चिंचेखालून, अंतोन काकाचा आवाज आला. त्याला हळू बोलता येतच नसे. "तो वैद घरी पळाला असता, तर माजा आजा वाचता नाय. मी बी नसतो, हा पास्कू बी नसता."

 मग कीर्तनकारबुवा पखवाजाशी बसल्या बसल्या म्हणाले, "भिकाजीपंत, मान लढाईचा आहे असं कुठं लिहिलंय? घंटा दिली त्यांचा मान. तुम्हीही एक आणा, आम्ही टांगतो. तुम्ही वाजवा." सभामंडपात हशा पिकला आणि भिकाजीपंतांना एकाएकी समईची वात सारावीशी वाटली.

दुसऱ्या दिवशी रामजन्म झाला. तात्या पुढे झाले. सगळे नेहमीप्रमाणे गोष्टीची वाट पाहत थांबले, पण तात्यांनी गोष्ट सांगितली नाही. वाजवण्याआधी त्यांनी आत हात घालून ती वाटी एकदा चाचपली आणि मग पुन्हा बसवलेला लोलक ओढला. थड्ड. मग ते आपल्या हातांनी सुंठवडा वाटत वाटत आवाराबाहेर चिंचेपर्यंत गेले.

घरी आल्यावर त्यांनी माझ्याशी दिवसभर एक शब्दही काढला नाही. मी एका कोपऱ्यात बसून राहिलो. दिवेलागणीला ते उठले, बत्ता विहिरीवर नेऊन चिंच लावून घासला, पुसला आणि देवघरात, कुलदेवतेच्या शेजारी, आडवा ठेवला. त्यावर एक फूल वाहिले. आई दारातून पाहत होती. "पूर्वज देवघरात बसले ते ठीक," ती म्हणाली, "पण आता दार कोण धरणार?"  तात्या म्हणजे जरा आवाज झाला की कपाळाला आठ्या घालणारा माणूस. पण त्या साऱ्या उन्हाळ्यात आमचे मागचे दार खाडीवरच्या वाऱ्याने दिवसभर आपटत राहिले, आणि तात्या एकदाही 'दार लावा' म्हणाले नाहीत.